आगीच्या बंबाची चित्रपुस्तकं: गोव्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

फोंड्यात आम्ही काही जण मिळून लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवतो. तिथे येणारे आई-बाबा, आजी-आजोबा, अंगणवाडीच्या बाई, सगळे बंबाच्या पुस्तकांबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: बंबाच्या पुस्तकात गोष्ट साधी असली तरी चालते, पण गाडी खरी पाहिजे. मूल त्या पुस्तकात गाडी बघायलाच येतं.

माझा मुलगा बंबाचं एकच पुस्तक रोज मागतो, दुसरं उघडूच देत नाही. काळजीचं आहे का?

अजिबात नाही, वाचा तेच. आपल्याला कंटाळा येतो हे मान्य, पण त्याला प्रत्येक वेळी काहीतरी नवीन दिसत असतं, काल शिडी बघितली तर आज मागच्या चाकाजवळचा हँडल. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास छापला होता. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना दर वेळी वेगळी गोष्ट, नवीन शब्द मात्र दोन्हीकडे तेच आणि तितकेच. तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द जास्त चांगले आले. तेव्हा ‘अजून एकदा’ म्हटलं की खुशाल वाचा, फक्त एखाद्या पानावर थांबून त्याला बोलू द्या. गोष्ट तोपर्यंत त्याला तोंडपाठ झालेली असते, आता सांगायची पाळी त्याची.

चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? दुकानात तर सगळ्यांवर लाल गाडीच असते.

दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत कळतं, फक्त शब्द न वाचता चित्रंच बघायची.

आधी पाण्याचा रस्ता शोधा. पाणी कुठून आलं, गाडीत कुठून शिरलं, पंपातून कुठे गेलं आणि नळीच्या टोकातून कुठे पडलं, हे चित्रावर बोट फिरवून दाखवता आलं पाहिजे. पुष्कळ पुस्तकांत नळी गाडीच्या पोटातून अशीच कुठूनतरी उगवते, जोडलेली कुठेच नसते, आणि चार वर्षांचं मूल हमखास विचारतं की ही लावली कुठे. खऱ्या बंबाला बाजूला किंवा मागे पंपाचं पॅनल असतं, त्यावर गोल गोल मीटर, व्हॉल्व्ह, आणि नळी अडकवायची तोंडं. ज्या चित्रकाराने हे पॅनल काढलंय त्याने गाडी जवळून बघितलीय असं खुशाल समजा.

मग नळ्या बघा. बंबावर दोन जातीच्या नळ्या असतात आणि हा फरक मुलांना प्रचंड आवडतो. पाणी फेकायची नळी कापडी, मऊ, चपटी गुंडाळून ठेवलेली, आपल्याकडे पाणी भरल्यावर तिचा आतला व्यास साधारण ६३ मिलिमीटर असतो आणि १५ किंवा ३० मीटरचे तुकडे एकमेकांना जोडून लांब करतात. विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी ओढायची नळी मात्र जाड आणि कडक, टोकाला जाळी. ती कडक का, तर पंप आधी तिच्यातली हवा काढून घेतो आणि मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो, नळी मऊ असती तर त्याच दाबाने ती चपटी होऊन बंद झाली असती. याच कारणाने फार खोल विहिरीतलं पाणी वर उभ्या असलेल्या बंबाला ओढता येत नाही, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे जमतच नाही. विहिरीत लुळी कापडी नळी सोडलेली दिसली तर ते चित्र चुकलंय.

तिसरं म्हणजे माणसं. पाण्याचा जोरदार फवारा सोडला की नळी मागे ढकलते, चांगलीच ढकलते, म्हणून मोठी नळी धरायला दोघे तरी लागतात, एक पुढे आणि एक त्याच्या मागे टेकू देऊन. एका हाताने फवारा मारत दुसऱ्या हाताने टाटा करणारा जवान बघितला की मी पुस्तक परत ठेवते.

आणि शेवटी चाकं मोजा, खिडक्या मोजा. पहिल्या पानावर सहा चाकं आणि पाचव्या पानावर चार असं होतं, आपल्या लक्षात येत नाही, पण मुलाला पहिल्याच वाचनात दिसतं.

गाडीला डोळे-तोंड असलेली, हसणारी पुस्तकं घ्यावीत का?

दीड-दोन वर्षांच्या बाळासाठी घ्या, चेहरा बघायला बाळांना आवडतं. पण तिसऱ्या वर्षानंतर माझा कल खऱ्या गाडीकडे जातो. चेहरा आला की बहुतेक वेळा पुढची काच डोळ्यांत जाते, बंपर तोंडात जातं, आणि बघण्यासारखं जे होतं तेच झाकलं जातं. टोरंटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया यांचा २०१४ चा अभ्यास प्राण्यांच्या पुस्तकांवर आहे, गाड्यांवर नाही, पण त्यात दिसलं की प्राणी माणसांसारखे वागताना-बोलताना दाखवले की मुलं त्या प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी उचलतात. माझ्या अनुभवात गाड्यांचंही तसंच होतं. शिवाय रडणारा, घाबरणारा बंब दाखवायची गरज काय? त्या गाडीत बसून जाणारी माणसं आहेत ना, त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दाखवता येतं.

कुठल्या वयाला कसलं पुस्तक?

वर्षाच्या आतल्या बाळाला जाड पुठ्ठ्याचं, एका पानावर एकच मोठी वस्तू, गोल कोपरे. ते पुस्तक चावलं जाणार हे धरूनच घ्या. दोन-तीन वर्षांना भोंग्याचा आवाज, रंग, मोठा-छोटा, वर-खाली. चार ते सहा हे खरं बंबाचं वय, तेव्हा एक सलग प्रसंग पाहिजे: फोन आला, जवान गाडीत चढले, रस्ता, आग, पाणी, परत स्टेशनात येऊन नळ्या धुवून वाळत घातल्या. हे शेवटचं पान पुष्कळ पुस्तकांत नसतं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण काम झाल्यावर सामान साफ करून जागेवर ठेवणं हाही कामाचाच भाग आहे. सात वर्षांच्या पुढे मग गाडी मधून कापून आतली टाकी, पंप, इंजिन दाखवणारी चित्रं, ती मुलं तासभर बघत बसतात.

साधारण चित्रपुस्तक ३२ पानांचं का असतं असंही एका बाबांनी विचारलं होतं. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या घालून १६-१६ पानं एकत्र तयार होतात, म्हणून तो हिशोब बसतो.

बटण दाबलं की सायरन वाजणारी पुस्तकं सुरक्षित आहेत का?

आत छोटी गोल चपटी बॅटरी असते, ती मुलाने गिळली तर फार धोकादायक. अन्ननळीत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. म्हणून बॅटरीचं झाकण स्क्रूने पक्कं बंद आहे का हे विकत घेतानाच बघा, नुसतं नखाने उघडणारं असेल तर घेऊ नका, आणि पुस्तक फाटलं की बॅटरी काढून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरचे उपाय करत बसू नका, उलटी काढायला जाऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा.

बाकी आवाजाबद्दल म्हणाल तर सायरन तुम्ही तोंडाने काढलेला जास्त चांगला, मूलही काढतं आणि दोघांना मजा येते.

सगळी चांगली पुस्तकं परदेशी आहेत, त्यातलं काहीच आपल्याकडे दिसत नाही. मग मुलाला काय सांगायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

परदेशी पुस्तक वाईट नाही. छपाई छान असते, बारकावे भरपूर असतात, घ्या. पण ते वाचताना शेजारी आपला गोवा बसवावा लागतो. सगळ्यात आधी फोन नंबर. अमेरिकेच्या पुस्तकात ९११ असतो, इंग्लंडच्या पुस्तकात ९९९, आणि मूल तोच पाठ करतं. तिथे त्या पानावर स्केचपेनने सरळ १०१ आणि ११२ लिहून टाका, पुस्तक खराब होईल म्हणून मागेपुढे बघू नका. १०१ फायर ब्रिगेडचा आणि ११२ सगळ्या तातडीच्या मदतीचा. आणि नंबरासोबत घराचा पत्ताही पाठ करून घ्या, वाडा कुठला, जवळ देऊळ की चॅपेल की कुठली शाळा, कारण आपल्या गावात घरनंबरावरून घर सापडणं कठीण आणि खुणेवरून सोपं.

मग तो चकचकीत खांब, ज्यावरून जवान घसरत खाली येतात. मुलं विचारतात, आमच्या म्हापशाच्या स्टेशनात आहे का? त्या खांबाची गोष्टच सांगा. १८७८ साली शिकागोत डेव्हिड केनियन नावाचे कॅप्टन होते, त्यांच्या तुकडीने जिन्यापेक्षा लवकर खाली उतरायला लाकडी खांब बसवला. तेव्हा बंब घोडे ओढायचे, घोडे खाली बांधलेले आणि माणसं वरच्या मजल्यावर झोपायची, म्हणून खांबाची गरज पडली. जिथे जवानांची खोली गाडीच्या शेजारीच तळमजल्यावर आहे तिथे खांब कशाला पाहिजे? हे कळलं की मुलाचं समाधान होतं.

ठिपक्यांचा पांढरा कुत्राही घोड्यांच्याच काळातला. डाल्मेशियन कुत्रे घोडागाडीबरोबर न दमता पळायचे, घोड्यांशी त्यांचं जमायचं, रस्त्यात वाट मोकळी करून द्यायचे. घोडे गेले आणि कुत्रा चित्रांत राहिला.

रस्त्याच्या कडेचा तो लाल बुटका नळ, हायड्रंट, हीसुद्धा तिथली गोष्ट. तिकडे बंब कोपऱ्यावरच्या हायड्रंटला नळी लावतो. आपल्याकडे बंब स्वतःच पाणी घेऊन येतो, हजारो लिटरची टाकी पाठीवर. पण मोठ्या पंपाने जोरात पाणी सोडलं तर ती टाकी काही मिनिटांतच रिकामी होते, म्हणून दुसरा बंब मागून येतो, टँकर येतो, किंवा जवळची विहीर, तळी, नदी शोधावी लागते. मुलाला विचारा, आपल्या घराजवळ बंबाला पाणी कुठून मिळेल? हा प्रश्न मी आमच्या मुलांना विचारला तर पाच वर्षांची पोरं देवळाच्या तळीपासून शेजाऱ्यांच्या स्विमिंग पूलापर्यंत सगळं मोजून दाखवायला लागली. परदेशी पुस्तकातून इतकं आपलं बोलणं निघतं, आणखी काय पाहिजे.

गोव्यात आमचे बंब आगीपेक्षा दुसऱ्याच कामाला जास्त धावताना दिसतात, ते पुस्तकात कुठे आहे?

बरोबर आहे तुमचं, आणि हीच पुस्तकांतली मोठी उणीव आहे. पावसाळ्यात माड मोडून रस्त्यावर किंवा घरावर पडतो, वीजतारांवर झाड आडवं होतं, गाय विहिरीत पडते, गाडी ओहोळात जाते, गॅस गळतो, या सगळ्याला आपले अग्निशामक दलाचे जवानच येतात. आणि फेब्रुवारी ते मे सुकलेलं गवत, काजूच्या बागा, डोंगर पेटतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर जंगल पेटलं तेव्हा गाडी वर जाऊच शकत नव्हती, नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी खाली लटकवलेल्या भल्यामोठ्या बादलीतून पाणी नेऊन ओतलं, आणि खाली माणसं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती. असं पान असलेलं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. खाली घरी पुस्तक बनवायचं लिहिलंय, ते याचसाठी.

मराठीत पुस्तकं मिळतात का?

नुसत्या बंबाची थोडी आहेत, वाहनांच्या किंवा ‘मदत करणारी माणसं’ अशा पुस्तकांत बंब जास्त सापडतो. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका, यांची मराठी बालपुस्तकं चाळून बघा, किंमतही आवाक्यात असते. प्रथमची स्टोरीवीव्हर ही २०१५ पासूनची साइट फुकट आहे, मराठी आणि कोकणी दोन्ही मिळतं, आणि गोष्टी उतरवून प्रिंट काढायलाही परवानगी आहे.

विकत घेण्याआधी लायब्ररी बघा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. पणजीतच बुकवर्म ही खास मुलांची लायब्ररी आहे. तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयातही विचारा, नसेल तर मागणी लिहून द्या, मागणी आली की पुस्तकं येतात.

इंग्रजी पुस्तक मराठीत सांगू की कोकणीत?

घरात ज्या भाषेत जेवायला बोलावता त्या भाषेत. दोन्ही बोलत असाल तर दोन्हीत, आईने एका, आजीने दुसऱ्या. चित्र तेच राहतं. ओळी जशाच्या तशा वाचायची सक्ती नाही, बोट ठेवून बोललात तरी ते वाचनच आहे.

आगीचं पान आलं की माझी मुलगी पुस्तक बंद करते. दाखवूच नको का?

जबरदस्ती नको. ते पान उलटून पुढे जा, पाणी मारतानाचं पान दाखवा, आणि काही दिवसांनी तिनेच मागितलं तर मागे या. लहान मुलाला आगीपेक्षा ‘आत कोणी राहिलं का’ याची भीती जास्त असते. म्हणून ज्या पुस्तकात घरातली माणसं बाहेर सुखरूप उभी आहेत हे चित्रात स्पष्ट दिसतं ते आधी घ्या. मांजर, कुत्रा, बाहुली, सगळे बाहेर दिसले पाहिजेत, ती शोधतेच.

एक चित्र मात्र हळूहळू ओळखीचं करून द्याच, तोंडाला मास्क आणि पाठीवर सिलिंडर लावलेल्या जवानाचं. धुरात जाताना त्यांना ते घालावंच लागतं, चेहरा दिसत नाही, श्वासाचा मोठा फस्स फस्स आवाज येतो, आणि खऱ्या आगीत लहान मुलं घाबरून पलंगाखाली, कपाटात लपतात, वाचवायला आलेल्या माणसापासूनच लपतात. पुस्तकात तो मास्क आधी बघितलेला असला, तो आवाज घरी खेळात काढलेला असला, की मूल लपायची शक्यता कमी होते. त्या पानावर दर वेळी एकच वाक्य म्हणा: हा दिसला की लपायचं नाही, ओरडून सांगायचं, मी इथे आहे. धुरात रांगत बाहेर जायचं, कारण खालची हवा त्यातल्या त्यात बरी असते. कपड्यांना आग लागली तर पळायचं नाही, थांबायचं, जमिनीवर झोपायचं, तोंड हाताने झाकून लोळायचं. हे सगळं चटईवर खेळून घ्या, मुलांना लोळायला सांगावं लागत नाही.

आणि मोठ्यांसाठी: भाजलं तर आधी थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फ नको.

दिवाळीला आम्ही नरकासुर जाळतो, मुलगा विचारतो तेव्हा बंब का येत नाही?

किती छान प्रश्न! आमच्याकडेही हा दर दिवाळीला येतो आणि ३१ डिसेंबरला ‘म्हातारा’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळला की परत येतो. उत्तर असं द्या की मोठी माणसं मोकळ्या जागी, ठरवून, जवळ पाणी ठेवून, विझेपर्यंत तिथे उभी राहतात तोवर ती आग आपल्या हातात असते. हाताबाहेर गेली की बंब. समई, चूल, गॅस, भटजींचा होम, सगळ्या हातातल्या आगी. यामुळे आगीबद्दल मुलाच्या मनात नुसती भीतीच राहत नाही. आणि ‘बंबाची पुस्तकं वाचून मूल काडेपेटीशी खेळायला लागेल का’ या प्रश्नाचंही उत्तर इथेच आहे: काडेपेटी उंच ठेवा, आणि सापडली तर हात लावायचा नाही, आणून दाखवायचीही नाही, फक्त मोठ्यांना सांगायचं, हे शिकवा.

मुलींना अशी पुस्तकं आवडतात का?

आवडतात. ‘हे मुलांचं आहे’ असं मोठ्यांनी म्हटलं नाही तर त्या प्रश्नच विचारत नाहीत. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर भारतातल्या पहिल्या महिला अग्निशामक, २००२ साली त्यांनी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा तिथे एकही मुलगी नव्हती. पुस्तकात सगळे पुरुषच असतील तर सांगताना हेल्मेटखाली बाई आहे म्हणून सांगा, चेहरा कुठे दिसतो?

बंब लालच का?

लाल रंग लांबून नजरेत भरतो आणि लोकांना ओळखीचा झालाय. पण सगळीकडे लाल नाही, विमानतळावरचे बंब पुष्कळ ठिकाणी पिवळसर हिरवे असतात. अंधार पडताना डोळ्याला लाल काळपट दिसायला लागतो आणि तो पिवळसर हिरवा अजून उठून दिसतो. संध्याकाळी दोन रंगांचे कागद अंगणात ठेवून मुलाला स्वतः बघू द्या.

पहिलं बंबाचं सचित्र पुस्तक कुठलं असेल?

पहिलं कुठलं ते सोडा, पण १६९० सालच्या एका पुस्तकाची गोष्ट मला इतकी आवडते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ॲमस्टरडॅमला यान व्हान डर हायडेन नावाचा चित्रकार होता, शहराची, रस्त्यांची, विटान् विटा दिसणारी चित्रं काढायचा. त्याआधीचे पंप म्हणजे जळत्या घरासमोर नेऊन ठेवायचा हौद, त्यात बादल्यांनी पाणी ओतायचं आणि वरच्या तोटीतून फेकायचं, आत काही पोचायचंच नाही. या चित्रकाराने भावाबरोबर १६७२ च्या सुमारास चामड्याची लवचिक नळी तयार केली. नळी घराच्या आत नेता येऊ लागली, पाणी थेट आगीच्या मुळावर. मग १६९० साली मुलाबरोबर त्याने मोठं पुस्तक काढलं, जुना पंप कसा निरुपयोगी आणि नवीन कसा काम करतो हे चित्रांनी दाखवलेलं, आणि त्यात जळणारं घर मधून कापल्यासारखं काढलंय, मजल्यामजल्यावर माणसं नळ्या घेऊन चढतायत. आज सात वर्षांची मुलं ज्या पद्धतीच्या चित्रावर पालथी पडून असतात, ती पद्धत तेव्हाही होती. ज्याने बंबाची नळी केली तोच चित्र काढणारा होता, म्हणून मी परत परत म्हणते की चित्र खरं पाहिजे.

वाफेवरचा बंब त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८२९ साली लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी केला, धूर सोडणारा, घोड्यांनी ओढायचा. ते चित्र मिळालं तर जरूर दाखवा.

मुलांना खरा बंब दाखवायला नेता येतं का?

येतं, पण आधी फोन करून विचारा, कारण ते कामावर असतात. पणजीला सांत इनेजला मुख्य ठाणं आहे, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा, डिचोली, वाळपई, कुडचडे, काणकोण, पेडणे इथेही ठाणी आहेत, जवळचं बघा. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह, तेव्हा प्रात्यक्षिकं असतात. १४ एप्रिल का, तर १९४४ साली त्या दिवशी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा.

जाताना पुस्तक बरोबर न्या आणि पुस्तकातली एकेक वस्तू खऱ्या गाडीवर शोधायला लावा. जी गाडी चालवतो तोच पंपही चालवतो, त्याला ड्रायव्हर-ऑपरेटर म्हणतात, त्याच्याशी मुलांची गाठ घालून द्या, सगळे मीटर तोच समजावतो. आणि भोंगा वाजला तर लगेच बाजूला व्हायचं, हे गाडीतून उतरायच्या आधीच ठरवून घ्या.

घरी बंबाचं पुस्तक कसं बनवायचं?

चार कोरे कागद मधोमध दुमडा, दुमडीवर सुईदोऱ्याने दोन-तीन टाके घाला, १६ पानं झाली. त्याहून मोठं नको, पोरं थकतात.

गोष्ट आपल्या वाड्यातलीच घ्या. माझ्या आवडीची एक देते: रात्री वारा सुटला, माड मोडून रस्त्यावर पडला, सकाळी शाळेची बस अडली, काकाने १०१ लावला, पत्ता सांगताना पिंपळाची खूण सांगितली, बंब आला, जवानांनी करवतीने माडाचे तुकडे केले, आजीने चहा दिला, नारळ सगळ्यांनी वाटून घेतले. यात आग नाही, भीती नाही, आणि सगळं खरं. दिवाडीकडे कोणी राहत असेल तर त्यांची गोष्ट याहून भारी, कारण बेटावर पूल नाही, बंबाला फेरीबोटीतून जावं लागतं. लाल बंब फेरीबोटीवर आणि खाली मांडवी, हे चित्र काढायला कुठलंही मूल तयार होईल.

चित्रं मुलानेच काढायची, शब्द तो सांगेल ते तुम्ही लिहायचे, त्याच्याच बोलीत, शुद्धलेखन सुधारत बसायचं नाही. मात्र गाडी काढताना पाण्याचा रस्ता विचारा: नळी कुठे लावलीस? तो विचार करतो आणि जोडतो.

पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, काय करता?

जून ते सप्टेंबर पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा फिरली पाहिजे. प्लॅस्टिकचं घट्ट कव्हर घालू नका, ओल आतच राहते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. ऊन पडलं की पानं उघडी करून थोडा वेळ बाहेर, पण कडक उन्हात दिवसभर नाही, रंग उडतो. बुरशी दिसलीच तर मुलापासून लांब, अंगणात नेऊन सुक्या कपड्याने पुसा.

फाटलेलं, खिळखिळं झालेलं बंबाचं पुस्तक देऊन टाकू का?

पानं सगळी असतील तर चिकटवून द्या, अंगणवाडीत आनंदाने घेतील, आमच्याकडेही आणा. पंपाचं पान फाटून गेलं असेल तर देताना तेवढं सांगा, म्हणजे मुलाने शोधलं की वाचणाऱ्याकडे उत्तर असेल.